देवाची हाक आणि आपलं 'फाल्यां पळोवया' (उद्या बघू): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला रविवारी संध्याकाळी आमची मराठी प्रार्थनासभा भरते. डिचोली, वाळपई, म्हापसा, वास्को अशा ठिकाणांहून लोक येतात. सभेत कुणी फारसं विचारत नाही, पण घरी पोचल्यावर व्हॉट्सअॅपवर प्रश्न सुरू होतात. बायबलमधलं योनाचं पुस्तक, म्हणजे देवाने निनवेला जा म्हटल्यावर उलट दिशेला पळालेल्या संदेष्ट्याची गोष्ट, वाचायला घेतल्यापासून त्यातले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल असतात: देव काही करायला सांगतोय असं वाटतं, पण पाऊल उचलत नाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावं काढली आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे.

१. देवाची हाक म्हणजे नक्की काय? कानांनी आवाज ऐकू येतो का?

बहुतेकांना येत नाही. बाळ शमुवेलाला आला, आणि त्यालाही तो एली याजकाचाच वाटला. तीनदा उठून तो एलीकडे धावत गेला (१ शमुवेल ३). मला त्या गोष्टीत आवाजापेक्षा ते धावणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कोण बोलावतंय हे कळायच्या आधीच पोरगं अंथरुणातून उठलेलं होतं.

आपल्याकडे हाक साध्या वाटांनी येते. शास्त्र वाचताना एखादी ओळ अडते. कुणाशी तरी आपण चुकीचं वागलो, ही टोचणी जात नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला कुणी विचारत नाही हे आपल्याच नजरेला पडतं. सेमिनरीत जाणं, सुवार्तेच्या कामाला वाहून घेणं, या मोठ्या हाका झाल्या. या पानावरचं बोलणं मुख्यतः छोट्या हाकांबद्दल आहे, कारण मोठ्या हाकेला 'हो' म्हणायची सवय छोट्यांवरच लागते.

२. थोडा उशीर झाला तर बिघडलं काय? देव दयाळू आहे ना?

आहेच. देव लगेच काठी उगारतो म्हणून उशीर धोक्याचा आहे, असं मी म्हणत नाही. बिघाड होतो तो आपल्या आत.

दिवाडीला किंवा चोडणला ज्यांची शेती आहे त्यांना खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली सखल शेती, समजावून सांगायला नको. नदीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप. भरतीच्या दाबाने मानशीचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं. बांधाला खेकड्याने भोक पाडलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी बुजवायचं असतं, कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि आपल्या सवडीची वाट बघत नाही. पहिल्या दिवशी मूठभर चिखल पुरतो. आठवड्याने माणसं लावावी लागतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की बांध दुरुस्त झाला तरी मातीतलं मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. उशीर करणाऱ्या मनाचं असंच होतं. पहिल्या वेळी टोचतं, दुसऱ्या वेळी कमी टोचतं.

याचा सगळ्यात भेदक नमुना म्हणजे सुभेदार फेलिक्स (प्रेषितांची कृत्ये २४). कैदेतला पौल त्याच्यासमोर नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढचा न्याय यांबद्दल बोलला आणि फेलिक्स घाबरला. म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावतो. आणि गंमत अशी की त्याने खरंच बोलावलं. एकदा नव्हे, पुष्कळदा. पौलाकडून काही पैसे सुटतील अशी आशा होती त्याला. दोन वर्षं या भेटी चालल्या. पण तो पुन्हा घाबरल्याचा उल्लेख कुठे नाही. उपदेश तोच, उपदेशकही तोच, फक्त ऐकणाऱ्याचा कान बधिर झाला. इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'आज' या शब्दावर एवढा भर आहे तो म्हणूनच: आज वाणी ऐकलीत तर मन कठीण करू नका.

३. मी देवाला नाही म्हटलेलंच नाही. फक्त 'आत्ता नको' म्हटलं. हे पाप कसं?

गोव्यात 'नाही' फार कमी ऐकू येतं हे खरं आहे. पंचायतीत जा, सुताराकडे जा, उत्तर येतं 'फाल्यां पळोवया'. उद्या बघू. ते ऐकून माणूस हसत घरी येतो आणि महिन्याने त्याला कळतं की नकार त्याच दिवशी मिळाला होता. सुशेगाद, म्हणजे निवांत, असणं मला आवडतं, दुपारची झोप मीही सोडत नाही. पण देवाशी बोलताना आपण सुतार झालेलो असतो.

मत्तय २१ मध्ये दोन मुलगे आहेत. एक बापाला 'जात नाही' म्हणाला, मग पस्तावून मळ्यात गेला. दुसरा 'जातो, महाराज' म्हणाला आणि गेलाच नाही. त्यानेही नाही कुठे म्हटलं होतं? लूक १४ मधल्या मेजवानीच्या दाखल्यातही कुणी यजमानाला शिव्या देत नाही. एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं नुकतं लग्न झालंय. तिघांचीही कारणं खरी आहेत. खोटी असती तर त्यांना स्वतःलाच टोचली असती.

ऑगस्टीनने तरुणपणी केलेली प्रार्थना त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे: मला शुद्धता दे, पण आत्ताच नको. 'थोडा वेळ, थोडा वेळ' म्हणता म्हणता तो थोडा वेळ संपेचना, अशीही कबुली त्याने दिली आहे. ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता.

आपली जुनी म्हण यासाठी पुरेशी आहे: कळतं पण वळत नाही. कळतच नसेल तर गोष्ट वेगळी (त्यासाठी प्रश्न ६ आणि ७ पाहा). कळूनही न वळणं, त्याबद्दल हे सगळं चाललंय.

४. लोटाच्या बायकोने एकदाच मागे वळून पाहिलं. मिठाचा खांब ही शिक्षा फारच नाही का?

हा प्रश्न जवळजवळ दर वेळी बायकाच विचारतात, आणि त्यांच्या जागी मीही विचारला असता. घर, शेजारीपाजारी, लग्न ठरलेल्या मुलींची सासरं, सगळं मागे जळत होतं.

सदोम शहराचा नाश होत होता, आणि मागे वळून पाहू नका अशी आज्ञा होती. पण उत्पत्ती १९ पहिल्यापासून वाचा. दिरंगाई आधी लोटाने केली. दूत पहाटे घाई करतायत आणि हा रेंगाळतोय. मग परमेश्वराची त्याच्यावर दया होती म्हणून त्या दूतांनी लोटाचा, बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून त्यांना शहराबाहेर काढलं. म्हणजे त्या चौघांना ओढून बाहेर आणलं होतं. बाहेर आल्यावरही लोट घासाघीस करतोच: डोंगरापर्यंत नको, ते जवळचं छोटं सोअर चालेल का? तेही मान्य होतं.

त्यामुळे मला ही कथा कडक देवाची वाटत नाही. तो कितीतरी वेळा थांबला. दूतांनी हात धरून शहराबाहेर आणलं, पण मान कुठे वळवायची हे तिच्याच हातात राहिलं. येशूने शिष्यांना सांगितलेल्या सगळ्यात छोट्या वाक्यांपैकी एक तिच्याबद्दल आहे: लोटाच्या बायकोची आठवण करा (लूक १७:३२).

५. मोशेनेही किती टाळाटाळ केली! तरी देवाने त्यालाच वापरलं. मग आम्ही का घाबरायचं?

हा प्रश्न चांगला आहे, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा विजय असतो तोही मला कळतो.

इस्राएल लोकांना मिसरातून सोडवायला जा, असं देव सांगतो तेव्हा जळत्या झुडपापुढे मोशे पाच वेळा अडतो (निर्गम ३ आणि ४). मी कोण जाणारा? तुझं नाव काय सांगू? त्यांनी विश्वास नाही ठेवला तर? मला बोलता येत नाही. या चारही वेळा देव उत्तर देतो, चिन्हं देतो, धीर देतो. पाचव्या वेळी मोशे म्हणतो, दुसऱ्या कुणाला पाठव. तिथे देवाचा राग भडकला असं लिहिलंय. पहिले चार प्रश्न होते. पाचव्यात प्रश्न नव्हताच.

आणि राग आल्यावरही हाक रद्द झाली नाही, अहरोन सोबतीला मिळाला. तोच अहरोन पुढे सोन्याचं वासरू घडवतो. टाळाटाळ करून मिळवलेली सोय अशी महागात पडते. सेनानायक बाराकाचंही तसंच: संदेष्ट्री दबोरा सोबत आली तरच जातो म्हणाला, युद्ध जिंकला, पण शत्रूचा सेनापती सीसरा याला मारण्याचा मान याएल नावाच्या बाईला गेला (शास्ते ४).

६. देवळात कौल लावतात तसं देवाकडे चिन्ह मागितलं तर चालेल का? गिदोनाने मागितलं होतं.

गोव्यात वाढलेल्या माणसाच्या मनात हे येणारच. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही, हे आपण शेजाऱ्यांकडे लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्यामागची श्रद्धा हसण्यासारखी नाही, मोठा निर्णय एकट्याच्या डोक्याने घेऊ नये हे त्यातलं शहाणपण आहे.

गिदोनाने रात्री लोकर पसरून ठेवली आणि ती दवाने भिजते की कोरडी राहते यावरून चिन्ह मागितलं. ती गोष्ट मात्र (शास्ते ६) नीट वाचा. इस्राएलाला माझ्या हातून सोडवणार हे तू म्हणालाच आहेस, असं तो स्वतःच बोलून दाखवतो. म्हणजे आज्ञा त्याला आधीच समजली होती, धीर नव्हता. देवाने दोनदा त्याचं ऐकलं ही देवाची माया. तो नियम नव्हे. बायबलमध्ये पुढे कुणी लोकर पसरताना दिसत नाही.

माझं मत असं: जी गोष्ट शास्त्रात स्पष्ट आहे तिच्यासाठी चिन्ह मागू नये. भावाशी समेट करू का, उधारी परत देऊ का, याला लोकर कशाला? पण दुबईची नोकरी घ्यावी की इथेच राहावं, अशा ठिकाणी दोन्ही वाटा सरळ असतात. तिथे प्रार्थना करा, अनुभवी माणसांना विचारा आणि मग बिनघोर निर्णय घ्या.

७. विचार करून पाऊल टाकणं आणि कां-कूं करणं, यांत फरक कसा ओळखायचा?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिली गोष्ट, घाई म्हणजे आज्ञापालन नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं येशूनेच सांगितलं (लूक १४). शौल राजाला शमुवेलासाठी सात दिवस थांबायचं होतं. शमुवेल वेळेत दिसेना, लोक पांगू लागले, तेव्हा शौलाने घाईने स्वतःच होम केला, आणि त्याचं राज्य टिकणार नाही हे त्याला तिथेच ऐकावं लागलं (१ शमुवेल १३). तिथे थांबणं हीच आज्ञा होती.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ. सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) डच सत्तेखाली कॅथलिकांना धर्मगुरू उरले नाहीत हे कळल्यावर तिकडे जायची ओढ त्यांना लागली होती. पण १६८१ मध्ये वरिष्ठांनी पाठवलं कानडा प्रांतात. ते गेले, तिथे काही वर्षं राबले, परत आले, जुन्या गोव्यात ऑरेटरी या धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले. सिलोनला पाऊल पडलं १६८७ मध्ये, तेही मजुराच्या वेशात. मधली वर्षं बाहेरून पाहिली तर उशीरच दिसतो. पण त्या वर्षांत समोर आलेलं एकही काम त्यांनी परतवलं नाही. १७११ मध्ये कँडीत त्यांचं निधन झालं, २०१५ मध्ये कोलंबोत ते संत घोषित झाले, आणि सांकवाळला जानेवारीत त्यांच्या नोव्हेनांना (नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) लोटणारी गर्दी आपण पाहतोच.

फ्रान्सिस झेवियरबद्दल गोव्यात मतं वेगवेगळी आहेत, ती असोत. पण १५४० मध्ये भारतात जायला नेमलेला त्याचा सहकारी बोबादिया आजारी पडला आणि त्याच्या जागी झेवियरला जायला सांगितलं, तेव्हा एक-दोन दिवसांत त्याने रोम सोडलं. गोव्याला पोचला ६ मे १५४२ रोजी. निघायला दोन दिवस, पोचायला दोन वर्षं. पोचायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

यावरून मी स्वतःला विचारतो ते असं. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात मी या गोष्टीच्या थोडा तरी जवळ आलो का? माझ्या थांबण्याला शेवटची तारीख आहे का? मला अजून माहिती हवी आहे, की माहिती पुरेशी आहे आणि ती नकोशी आहे? तिसऱ्या प्रश्नाला मी बऱ्याचदा उत्तर देत नाही.

८. घरचे विरोध करतात. त्यांना दुखवून जायचं का?

समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले, ही गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो आणि कौतुक करतो. मागे राहिलेल्या नवरीचं काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही.

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली, मुलगा लहान होता. पुढे ते पुन्हा एकत्र आले, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. शेवट गोड झाला म्हणून मधली वर्षं गोड होत नाहीत. ती कुणी भोगली हे विसरून या गोष्टी व्यासपीठावरून सांगू नयेत.

शास्त्रात दोन्ही बाजू आहेत. 'आधी बापाला पुरून येतो' म्हणणाऱ्याला येशूने थांबू दिलं नाही (लूक ९). शेत नांगरत असलेल्या अलीशाला मात्र एलीया संदेष्ट्याने आईबापाचा मुका घ्यायला जाऊ दिलं (१ राजे १९). अलीशा परत गेला, बैलांची जोडी कापली, नांगराच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं, आणि निघाला. निरोप घेताना त्याने परतीचं साधनच जाळलं. निरोप घेणं आणि निरोपाच्या नावाखाली बसून राहणं यांतला फरक त्या चुलीत दिसतो.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना आम्ही एकच सांगतो: घरी राहा, आईवडिलांशी आदराने वागा, शिक्षण पुरं करा. तुमच्यासाठी सध्या हाक तीच आहे.

९. मी मांडवीतल्या कॅसिनोवर कामाला आहे. हे काम सोडावं असं मनात पक्कं आहे, पण फ्लॅटचा हप्ता आहे. मी अवज्ञा करतोय का?

उद्या राजीनामा द्या असं मी सांगणार नाही. हप्ता चुकला तर बायको आणि पोरं रस्त्यावर येतील, आणि त्यांना पोसणं हीही देवाचीच आज्ञा आहे. पण 'मनात पक्कं' किती वर्षं आहे? दुसरीकडे अर्ज केलात का? कमी पगारात भागेल का, हे बायकोबरोबर बसून कागदावर मांडलंत का? हे केलं असेल तर तुम्ही वाटेवर आहात. केलं नसेल तर या आठवड्यात तो कागद करा. तारीख घालून. प्रश्न ७ मधल्या कसोट्या इथेही लावून बघा.

१०. आता फार उशीर झालाय. दार बंद झालं असेल का?

योनाकडे परमेश्वराचा शब्द दुसऱ्यांदा आला (योना ३:१). या एका ओळीवर मी कित्येक वर्षं तगून आहे. पण दुसऱ्यांदा हाक येणं वेगळं आणि गेलेली वेळ परत येणं वेगळं.

मी खाणीवर वजनकाट्यावर कारकून होतो. एका ट्रकवाल्याच्या ट्रिपा माझ्या हातून कमी नोंदल्या गेल्या. मला त्याच आठवड्यात चूक दिसली. सांगितलं असतं तर माझीच चौकशी झाली असती. तो विजापूरकडचा, अबोल, तक्रार करणाऱ्यातला नव्हता. रोज प्रार्थना करताना त्याचा चेहरा समोर यायचा. म्हटलं, गणेश चवथीची गडबड होऊन जाऊ दे, मग सांगू. २०१२ ची चवथ यायच्या आधी, त्याच सप्टेंबरमध्ये, सरकारने खाणी बंद केल्या. ट्रकवाले गावाला गेले. त्याचा नंबर लागेना. पैसे मी पुढे दुसऱ्या एका गरजू ट्रकवाल्याच्या घरी पोचवले. देवाने क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. पण ज्याचे पैसे होते त्याला ते मिळाले नाहीत, आणि हे माझ्या पश्चात्तापाने बदलत नाही.

एक अवघड उपप्रश्न यात येतो: उशिरा का होईना, तीच आज्ञा आता पाळली तर? नेहमी चालतं असं नाही. देवाने देऊ केलेल्या देशात शिरा, अशी इस्राएल लोकांना आज्ञा होती. कादेशाला बारा हेर चाळीस दिवसांनी परतले, लोक घाबरून अडले. चाळीस वर्षांची शिक्षा ऐकल्यावर दुसऱ्याच सकाळी 'आता चढाई करतो' म्हणून निघाले. मोशेने अडवलं तरी गेले आणि हर्मापर्यंत मार खात आले (गणना १४). काल जी आज्ञा होती ती आज उरली नव्हती, आज्ञा आता रानात परत फिरण्याची होती. म्हणून फार उशीर झालेल्या माणसाने जुन्या हाकेचा हट्ट धरू नये. आज काय सांगितलंय ते विचारावं.

११. एका सभेत म्हणाले, देव आत्ताच मागतोय, घरी जाऊन विचार करू नका, आत्ताच पैसे द्या. मी घरी येऊन विचार केला. ही दिरंगाई झाली का?

नाही. बरं केलंत. नवऱ्याला किंवा बायकोला न विचारता, दिवे मंद करून आणि पेटी वाजवत मागितलेला पैसा म्हणजे हाक नव्हे.

१२. मला रात्री आवाज येतात. ते सांगतात ते लगेच नाही केलं तर शिक्षा होईल अशी भीती वाटते. झोप लागत नाही.

आधी डॉक्टरकडे जा. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे जायला लाज वाटायचं काही कारण नाही. घरातल्या एका माणसाला आजच सांगा, आणि आवाजांच्या सांगण्यावरून काहीही करू नका, विशेषतः स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं. या पानावर 'लगेच करा' असं जे जे लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी लगेच करायची गोष्ट एकच, ती म्हणजे डॉक्टरची भेट.

१३. मला कसलीच हाक ऐकू येत नाही. मीही उशीर करतोय का?

तसंच असेल असं नाही. पुष्कळ चांगली माणसं आयुष्यभर शेत, घर आणि चर्च एवढंच सांभाळतात. तरी शेवटचं स्पष्ट कळलेलं काम कोणतं होतं ते आठवून पाहा. ते झालं असेल तर निवांत राहा. राहिलं असेल तर तिथून सुरू करा.

१४. तुम्हाला फोन करून सविस्तर बोललं तर चालेल का?

चालेल, रविवारी सभेनंतर तर नक्कीच. फक्त एक विनंती आहे. 'अमक्याची माफी मागू का' असा प्रश्न असेल तर आधी त्या अमक्याला फोन लावा, मग आम्हाला. आमचा फोन तोपर्यंत कुठे जात नाही.